अक्का आणि वस्त्रगाळ नाचणी

सुंदराक्कांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मीही चार शब्द लिहावेत, असं आपल्या महिला शाखेच्या संपादक मंडळाने कळवलं. मी लेखिका नव्हे. पत्रं आणि वाण्याची यादी यापलीकडे माझी लेखणी कधी गेली नाही. पण अक्कांच्या हाताखाली मी पंधरा-सोळा वर्षं काढली आहेत, तेव्हा नाही म्हणायला तोंड नव्हतं.

अक्कांची माझी पहिली भेट आमच्या परसात झाली. लग्न होऊन मी बेळगावहून इथे बसवनगुडीच्या कानडी वस्तीत आले, त्याला वर्षही झालं नव्हतं. अक्का तेव्हा मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवत. दर शनिवारी दुपारी आपल्या मंडळाच्या सभागृहामागे बायकांसाठी त्यांचा वर्ग भरे, आणि त्यासाठी त्या घरोघर फिरून बायका गोळा करत. आमच्याकडे आल्या त्या दिवशी सासूबाईंनी सतरंजी अंथरली, पण अक्का बसल्याच नाहीत. "स्वल्प तुमचं मुसुरे बघू दे," म्हणत त्या थेट मागच्या दारी गेल्या. मुसुरे म्हणजे तांदळाचं धुवण, भाताची पेज, भाजीची देठं असं सगळं गाईसाठी साठवतात ते मडकं. अक्कांनी त्यात काठी घालून ढवळलं, वाकून बघितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुला चक्कर येते का गं?"

येत होती. पण सासूबाई समोर, मी काय बोलणार!

"अत्ते, तुमच्या सुनेपेक्षा तुमची गाय बरी जेवते," अक्का म्हणाल्या. सासूबाईंच्या कपाळावरची शीर ताडताड उडाली. मात्र आलेल्या बाईला दारातून परत पाठवायची रीत आमच्या घरात नव्हती, शिवाय आपल्या घरात स्वयंपाक कसा होतो हे या मास्तरणीला एकदा कळू दे, असाही त्यांचा हेतू असावा. पुढच्या शनिवारपासून मी वर्गाला जाऊ लागले.

त्या वर्गाबद्दल इतर भगिनी सविस्तर लिहितीलच. मी थोडक्यात सांगते. घरात काय शिजतं हे अक्का कधी विचारत नसत, कारण ते सगळ्याजणी खोटं सांगतात. काय टाकलं जातं, ते बघत. सभागृहामागे विहिरीजवळ पडीक जागा होती, ती त्यांनी आमच्याकडून खणून घेतली आणि प्रत्येकीला एकेक वाफा नेमून दिला. शेवगा, राजगिरा, अळू, दोडका, असं सगळं तिथे यायचं. पाणी घातल्याशिवाय पाला खुडायचा नाही हा नियम. एका वकिलांच्या पत्नी मोलकरणीला बादली घेऊन पाठवू लागल्या, तेव्हा अक्कांनी त्यांचा राजगिरा सरळ त्या मोलकरणीच्या ओच्यात घातला. "पाणी हिनं घातलं, भाजी हिची. सरी? बरोबर ना?" वकिलीणबाई दोन शनिवार रुसल्या, तिसऱ्या शनिवारी स्वतः बादली घेऊन आल्या.

अक्कांची आणखी एक पद्धत नमूद करायला हवी. शिकवायला ज्या घरी जात, तिथे त्या चहा घेत नसत. साखर रेशनची असे, आणि कुणाकडे किती उरली आहे हे चारचौघींत उघडं पडू नये, एवढाच त्यामागचा विचार होता. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. आम्हाला वाटायचं, बाई गर्विष्ठ आहेत.

आता नाचणीकडे येते. आपल्यापैकी बऱ्याच घरांत त्या काळी नाचणीला, म्हणजे इथल्या रागीला, स्वयंपाकघरात मज्जाव होता. "रागी काय, कामवाल्यांचं खाणं," असं सासूबाई स्वच्छ म्हणत. अक्कांनी देवनहळ्ळीच्या एका शेतकऱ्याकडून पोतंभर नाचणी आणवली आणि ती भिजवणं, मोड आणणं, सुकवणं, भाजणं, दळणं हे सगळं आमच्याकडून करून घेतलं. लहान मुलांसाठी याहून चांगलं काही नाही, असं त्या सांगत. त्याच सुमारास माझी लेक नलू वरचं खाऊ लागली होती.

पुढे महिला शाखेने नाचणीच्या पिठाची स्पर्धा ठेवली. परीक्षक बाहेरच्या पाहुण्या होत्या. मी मलमलीच्या दुपट्यातून पीठ तीनदा चाळलं, पाण्यात कालवून गाळलं, खाली बसलेला साका वाळवला. इतका पांढराशुभ्र की तांदळाचं पीठ बाजूला ठेवलं तर फरक कळू नये. पाहुण्या म्हणाल्या, "ही नाचणी आहे?" पहिलं बक्षीस मला मिळालं, झाकणाचा स्टीलचा डबा. अक्का त्या वेळी कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे मी पाहिलं होतं.

त्याच पांढऱ्या पिठाची पातळ खीर मी नलूला दिवसातून तीनदा पाजू लागले. सासूबाईंनीही हरकत घेतली नाही. पांढरं दिसतंय ना, मग रागी असली तरी चालेल.

नलू दीड वर्षाची झाली तरी उभी राहीना. पाय काड्यांसारखे, पोट पुढे, केस तांबूस आणि विरळ. रडायचीही नाही, नुसती पडून बघत राहायची. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं नाही. "हिला नीट खायला घाला, नाहीतर ही पोर राहायची नाही," एवढंच ते म्हणाले. घरी आल्यावर सासूबाईंनी आमच्या ह्यांच्या देखत सांगून टाकलं, "हिला बेळगावला पाठवून दे. पोर इथेच राहील, मी वाढवीन. आईला कळत नाही तिथे आई हवी कशाला?" हे मान खाली घालून उभे राहिले. मला त्या वेळी जे वाटलं ते लिहिता येत नाही. नलू जगेल का, आणि जगली तर माझ्याजवळ असेल का, याखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या. नलूला मांडीवर घेतलं, तिच्या डोळ्यांच्या पापण्या उलटून बघितल्या. मग परसात जाऊन मडकं ढवळलं. वर तपकिरी कोंड्याचा जाड थर आला. अक्कांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग सासूबाईंना म्हणाल्या, "अत्ते, हिला बोलू नका. चूक माझी आहे. असं गाळायला मीच शिकवलं."

मी गप्प उभी राहिले.

सासूबाईंनी त्यांना घराबाहेर काढलं. "माझ्या नातीवर प्रयोग करता? पुन्हा पायरी चढू नका!" शेजारच्या चार दारांत ऐकू गेलं. आठवड्याभरात बातमी सगळीकडे पोचली आणि वर्ग ओस पडला. कितीतरी महिने शनिवारी सभागृहामागे अक्का एकट्याच वाफ्यांना पाणी घालत होत्या. मला मात्र बेळगावला कुणी पाठवलं नाही.

अक्का पायरी चढल्या नाहीत, पण यायच्या थांबल्या नाहीत. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की त्या मागच्या दाराशी, धुण्याच्या दगडावर येऊन बसत. मी आतून विचारायची, त्या बाहेरून सांगायच्या. न गाळलेल्या नाचणीत भाजलेलं डाळं आणि शेंगदाणे कुटून घालायचे, तूरडाळीत शेवग्याचा पाला शिजवून घोटायचा. नलू वाटी संपवेपर्यंत त्या उठत नसत. नलूने थुंकलं की म्हणत, "पुन्हा कर. स्वल्प घट्ट." असं आठ महिने चाललं. एके दिवशी नलू त्या दगडाला धरून उभी राहिली आणि तिने अक्कांच्या नाकातली मोरणी ओढली. अक्का कळवळल्या, मग इतक्या हसल्या की सासूबाई जाग्या झाल्या. दारात येऊन त्यांनी नातीला उभी पाहिली. मग त्यांनी अक्कांना आत यायची खूण केली. पुढच्या महिन्यात वर्गही हळूहळू भरू लागला.

आपल्या मंडळात ही हकिकत अक्कांच्या मोठेपणाची म्हणून सांगतात. शिकवताना चूक झाली तर ती चारचौघांत कबूल करणारी शिक्षिका विरळा, असं या ग्रंथातही कुणी ना कुणी लिहिणारच. म्हणूनच मला हा लेख लिहायचा होता.

अक्कांची चूक झालेली नव्हती. नाचणीच्या पहिल्याच दिवशी तळहातावर पीठ घेऊन त्यांनी सांगितलं होतं, "साध्या चाळणीतून एकदा काढा, बस्स. कापडातून गाळू नका. कोंडा गेला की उरतं ते पोट भरायला, पोर वाढवायला नाही." मी पुढच्या रांगेत बसून ते ऐकलं होतं. घरी सासूबाईंना पांढरं हवं होतं, मला बक्षीस हवं होतं, आणि पुढे बक्षिसाच्या त्या डब्याचं कौतुक सोडवेना. मीच माझ्या मुलीला उपाशी ठेवलं, आणि दुसरीवर आळ आला तेव्हा तोंड उघडलं नाही.

नलू आता शाळेच्या थ्रोबॉल संघात आहे आणि माझ्याहून बोटभर उंच आहे. मध्यंतरी एकदा धीर करून मी अक्कांना विचारलं, त्या दिवशी तुम्ही खोटं का बोललात? त्या दोडक्याच्या शिरा काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला काय गं, मला कुणी माहेरी धाडणार नव्हतं."

हा लेख छापायला देण्याआधी काल मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला, चष्मा पुसला आणि उठून देवघरात गेल्या. अजून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. बोलतील तेव्हा जे बोलतील ते ऐकायची माझी तयारी आहे.

अक्कांना निरोगी, उदंड आयुष्य लाभावं, ही प्रार्थना मी सर्वांबरोबर करते. माझी एक वेगळी मागणीही आहे. एवढ्या वर्षांत त्या प्रकरणावरून अक्का मला एका शब्दाने रागावलेल्या नाहीत. पुढच्या आयुष्यात त्यांनी केव्हातरी मला समोर बसवून मनसोक्त रागवावं. मी मान खाली घालून ऐकेन.