बांगड्याचा मत्सर

माणसाला माणसाचा मत्सर वाटावा, त्याच्या घराचा, नोकरीचा, त्याच्या मुलांच्या कॉलेजांचा वाटावा, हे समजू शकतं. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत तीस वर्षं काढल्यामुळे या सगळ्या प्रकारांचा मला उत्तम सराव आहे. पण वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मला एका तळलेल्या बांगड्याचा मत्सर वाटला. तोही स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावर, बायकोच्या समोर बसून.

आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने एकच अट घातली होती, घरात मासे शिजणार नाहीत. बायको वेंगुर्ल्याची. तिच्या माहेरी मासळी नसेल त्या दिवशी जेवण झालं असं कोणी म्हणत नसे. तरी तिने मान डोलावली. पुढे आम्ही अमेरिकेत आलो, मग आई आमच्याकडे राहायला आली आणि तिच्याबरोबर अटही आली. आईला जाऊन आता बारा वर्षं झाली. अट गेली नाही, कारण तोवर ती माझी झाली होती. मला त्या वासाने मळमळतं. बाहेर जेवायला गेलो तरी माझ्या समोर बसून बायको माझ्यासारखाच पास्ता मागवायची. मंडळाच्या गणपतीत, कोणाच्या साठीशांतीत, मी लोकांना कौतुकाने सांगायचो की हिने माझ्यासाठी मासे सोडले. सांगताना माझा ऊर भरून यायचा. ती बाजूला उभी राहून हसायची. तिच्या मैत्रिणीही हसायच्या.

या वसंतात मी रिटायर होणार होतो आणि लग्नाला पस्तीस वर्षंही होत होती, म्हणून जूनमध्ये स्कायला जायचं ठरवलं. तिथे रेस्टॉरंटं मोजकी, प्रत्येकात टेबलं दहा-बारा आणि स्वयंपाकघर संध्याकाळी साडेआठला बंद. त्यामुळे सात संध्याकाळची सात बुकिंगं मी हिवाळ्यातच करून ठेवली होती. प्रत्येक ठिकाणी ईमेल करून शाकाहारी काय मिळेल ते विचारलं होतं. बायकोने एकच गोष्ट विचारली, एखाद्या दिवशी मी मासे मागवले तर चालेल ना. मी म्हटलं, अगं, खा की. स्वतःच्या मोठ्या मनाचं मला फार कौतुक वाटलं.

पहिली संध्याकाळ बंदराकाठच्या एका पबमध्ये होती. फळ्यावर खडूने त्या दिवशीचे पदार्थ लिहिलेले. ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची. माझ्यासाठी भाज्यांचं सूप आणि शाकाहारी हॅगिस, म्हणजे डाळी आणि ओट्सचा एक करडा गोळा, चवीला बरा. तिच्यासाठी बांगडा. ओट्सच्या भरडीत घोळवून तळलेला, अख्खा, डोक्यासकट.

ताट समोर आल्यावर तिने आधी माशाच्या काट्याची बाजू बघितली, मग चमचे-सुऱ्या शांतपणे बाजूला ठेवल्या आणि हाताने सुरुवात केली. पाठीवरून बोट फिरवलं, वरचं मांस उचललं आणि मधला काटा शेपटीपासून डोक्यापर्यंत एका झटक्यात बाहेर काढला. मग डोळे मिटून पहिला घास घेतला. "रव्याऐवजी ओट्स," ती म्हणाली, पण मला नाही, स्वतःशीच. पुढची पंधरा मिनिटं तिच्या लेखी मी टेबलाशी नव्हतोच. मी हवेबद्दल बोललो, उद्याच्या रस्त्याबद्दल बोललो, ती हूं हूं करत राहिली. पस्तीस वर्षं मी तिला जेवताना बघत होतो, म्हणजे मला तसं वाटत होतं. खरं तर मी तिला जेवण उरकताना बघत होतो.

जळफळाट म्हणजे काय ते मला त्या ताटाकडे बघून कळलं. माझ्याबद्दल कधी कोणी असे डोळे मिटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी वचपा काढायचं ठरवलं. त्या संध्याकाळचं बुकिंग बेटावरच्या सगळ्यात नावाजलेल्या जागी होतं. पांढरे टेबलक्लॉथ, खिडकीतून खाडी, सात छोट्या छोट्या प्लेटी. वाढदिवसाचं सरप्राइज असतं तसं मी ते जपून ठेवलं होतं. वेटर प्रत्येक प्लेटबरोबर भाषण करून जात होता. माझ्या वाट्याला तीन प्लेटींत बीट आलं, वेगवेगळ्या वेषांत. तिच्या वाट्याला शिंपल्यातला एक पांढरा गुबगुबीत तुकडा आला, रुपयाएवढा. मी आशेने तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने तो काट्याने खाल्ला, नॅपकिनने ओठ टिपले आणि म्हणाली, छान आहे. हे ‘छान आहे’ माझ्या ओळखीचं होतं. मी आणलेल्या साड्यांना, मी लावलेल्या टोमॅटोंना, मी निवडलेल्या सोफ्याला ती याच आवाजात छान आहे म्हणते. म्हणजे मी मिरवत नेलं तिथे तिचे डोळे उघडे राहिले आणि यादी भरायला घातलेल्या पबात मिटले. मला रात्री झोप लागली नाही, आणि त्याचं खापर मी तिथल्या दहा वाजेपर्यंत न मावळणाऱ्या उजेडावर फोडलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी धक्क्याजवळ पत्र्याची एक शेड दिसली. बाहेर लाकडी बाकं, प्लॅस्टिकच्या बादल्या, आणि हातोडीने काहीतरी फोडल्याचे आवाज. माझ्या यादीत ही जागा नव्हती. बायको म्हणाली, थांबू या का, आणि मी उत्तर देईपर्यंत सीटबेल्ट काढून मोकळी झाली. शेडची मालकीण पन्नाशीची, लाल दंडांची, रबरी एप्रन घातलेली बाई होती. सकाळी नवरा पकडून आणतो, दुपारी ती उकडून विकते, एवढाच धंदा. तिने बायकोपुढे अख्खी कुर्ली ठेवली, तळहाताच्या दुप्पट खेकडा, आणि एक हातोडी. माझ्यासाठी सूप होतं. या बेटावर माझ्यासाठी सदैव सूप होतं.

बायकोने हातोडीला हातही लावला नाही. तिने कुर्ली उलटी केली, पोटावरची झडप उचकटली, कवच वेगळं केलं, नांग्या पिरगळून सांध्यात मोडल्या आणि एका बारीक पायाच्या टोकाने दुसऱ्या पायातलं मांस अलगद बाहेर ढकललं. मालकीण दुसऱ्या गिऱ्हाइकाला सोडून तिच्या शेजारी येऊन बसली. दोघी भरतीच्या वेळांबद्दल बोलायला लागल्या, अमावास्येची कुर्ली भरलेली की पौर्णिमेची, याच्यावर त्यांचं चक्क एकमत झालं. माझी बायको न्यू जर्सीत पार्टीला गेल्यावर कोपऱ्यात बसते. इथे ती एका परक्या बाईच्या दंडावर थाप मारून हसत होती.

मग मालकिणीने तिला विचारलं, हे कुठे शिकलीस. लहानपणी, समुद्राकाठी, बायकोने सांगितलं. आणि इतक्या वर्षांत हात विसरला नाही, असं मालकीण म्हणाली तेव्हा बायको पुढच्या नांगीकडे बघत, सहज, इंग्रजीत बोलून गेली, "विसरणार कसा? महिन्यातून दोनदा करतो ना आम्ही मैत्रिणी."

मी चमचा सुपात ठेवला. बायकोच्या लक्षात आलं. तिने नांगी मोडली, मांस काढलं, खाल्लं, आणि मग माझ्याकडे बघितलं. घाबरलेली वगैरे नव्हती. मलाच घाबरल्यासारखं झालं.

तिथले रस्ते एका गाडीपुरते असतात. समोरून कोणी आलं तर बाजूला घ्यायला मध्ये मध्ये रुंद जागा केलेल्या आहेत. अशा एका जागी मी गाडी घातली आणि इंजिन बंद केलं. येणाऱ्या गाड्या आम्ही वाट दिली असं समजून आभाराचा हात करत होत्या आणि मीही प्रत्येकाला हात करत होतो. त्याच्या अधेमधे तिने सगळं सांगितलं. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक मालवणची मावशी राहते, रिटायर झालेली डॉक्टर. तिच्या गॅरेजमध्ये गॅसची शेगडी आहे. महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी कोकणातल्या सहा-सात जणी तिथे जमतात, मासे आणतात, साफ करतात, शिजवतात, जेवतात. तेवीस वर्षं.

मी म्हटलं, तू तर भजनाला जातेस.

"मी कधी भजन म्हटलं? तुम्हीच म्हणालात, रविवारच्या भजनाला चाललीस का. मी हो म्हटलं." मग ती म्हणाली, "एक म्हणतोही आम्ही. आधी."

तेवीस वर्षं माझी बायको रविवारी दुपारी ओल्या केसांनी घरी येत होती. उन्हाळ्यात येत होती, बर्फ पडत असताना येत होती. मी पेपरातून मान वर करून विचारायचो, काय गं, कसं झालं भजन, आणि ती म्हणायची, मस्त. मला वाटायचं, मावशीकडे सोवळंओवळं कडक असणार.

तिने मासे खाल्ले याचा मला राग नव्हता, हे शपथेवर सांगतो. मला राग होता तो त्या ‘मस्त’चा. ते माझ्या वाट्याच्या ‘छान आहे’च्या शेजारी ठेवून बघितलं की अंगाचा तिळपापड होत होता. त्या सहा-सात जणींना माझी बायको ठाऊक होती, ती दंडावर थाप मारणारी, डोळे मिटणारी. मला मिळाली होती ती उरलेली. आणि मी ज्यांच्यापुढे ऊर भरून सांगत होतो की हिने माझ्यासाठी मासे सोडले, त्या याच. माझ्या ताटात पुरणपोळी वाढताना त्या का हसायच्या ते आता कळलं. त्यांचे नवरे माझ्याबरोबर बॅडमिंटन खेळतात. म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही परवानगी दिली असती," ती म्हणाली. "मग ते तुमचं झालं असतं."

त्यानंतरच्या चार संध्याकाळी मी वाईट वागलो. एके ठिकाणी टेबल खिडकीपाशी नाही म्हणून वाद घातला, एके ठिकाणी गोड काही नको म्हटलं, मला हवं असताना. ती मात्र रोज मासे मागवत होती आणि रोज सावकाश जेवत होती. आता तिला माझ्यापासून काही लपवायचं नव्हतं, आणि या मोकळेपणाचाही मला मत्सर वाटत होता, कारण तो तिला माझ्यामुळे मिळाला नव्हता.

शेवटच्या दिवशी ठरलेलं बुकिंग सोडून आम्ही परत पहिल्या पबमध्ये गेलो, आणि मी काउंटरवर जाऊन दोन बांगडे सांगितले. ताटं आली. मी तिच्यासारखं पाठीवरून बोट फिरवायला गेलो आणि सगळा चुरा करून ठेवला. एक तुकडा तोंडात घातला. तो गिळायला मला अर्धा ग्लास पाणी लागलं आणि डोळ्यांतून पाणी आलं ते वेगळं. दुसरा उचलला तेव्हा तिने माझा हात धरला.

"माझ्यासाठी खाऊ नका," ती म्हणाली. "मी तुमच्यासाठी सोडले नव्हते. तुम्ही माझ्यासाठी धरू नका." आणि माझं ताट आपल्याकडे ओढून तिने तो चुराही निवडून निवडून खाल्ला. मी सूप मागवलं.

घरी परतल्यावर मी आठवडाभर विचार केला आणि एका सकाळी चहा पिताना जाहीर केलं, घरात मासे करायला माझी हरकत नाही. मी वर आपल्या खोलीत बसेन, खिडक्या उघड्या ठेवू, मोठा एक्झॉस्ट बसवून घेऊ. तिच्या डोळ्यांत पाणी येईल अशी माझी खात्री होती. ती म्हणाली, नको, बरं आहे तसंच. मी जरा आवाज चढवून विचारलं की का म्हणून नको. ती म्हणाली, तुम्ही वर नाक दाबून बसलात तरी मला ते ऐकू येईल.

दुसरा रविवार आला. मी म्हटलं, निदान तुला सोडायला तरी येतो. तिची स्वतःची गाडी आहे, ती माझ्यापेक्षा चांगली चालवते. पण माझं तोंड बघून असेल, ती बरं म्हणाली. पिशवीत खवलेला नारळ आणि कोकमं होती. दहा मिनिटांचा रस्ता, शेवटी एक चढ, मग मेपलच्या झाडाखालचं साधं घर. तेवीस वर्षांत मी त्या रस्त्याला वळलो नव्हतो. गॅरेजचं दार कमरेइतकं वर उचललेलं होतं आणि खालून बायकांचे पाय दिसत होते, भांड्यांचे आवाज येत होते. मी काच खाली केली. मला वाटलं, एखादी बाहेर येईल, अहो या ना आत म्हणेल, मी नको नको म्हणेन. तेवढं मला पुरलं असतं.

बायको पिशवी घेऊन उतरली. पावलांची चाहूल लागली असावी, कारण आतून कोणीतरी तिला नावाने हाक मारली. क्षणभर मला कळेचना, ही हाक कोणाला. मग कळलं. ते तिचं माहेरचं नाव होतं. आमच्या लग्नात ताटातल्या तांदळांवर मी अंगठीने दुसरं नाव लिहिलं, आईने सुचवलेलं, आणि त्या दिवसापासून तेच चालू झालं. जुनं फक्त तिचे आईवडील घ्यायचे. ते गेले तेव्हा मला वाटलं होतं, त्यांच्याबरोबर ते नावही गेलं.

"आले गं," ती म्हणाली, आणि वाकून दाराखालून आत गेली.