आरोहीचं अळणी खिमट

केसरबाईला कुणी शहाणपण सांगावं आणि तिनं ते ऐकावं, असं आमच्या दिंद्रुड गावात कधी घडलेलं नाही. मी अंगणवाडीची बाई. मलाही तिनं कधी भीक घातली नाही. म्हणून दिवाळीनंतर तिची सून सायली सहा महिन्यांच्या आरोहीला तिच्याजवळ ठेवून ऊसतोडीला निघाली, तेव्हा मी वजनकाटा घेऊन तिच्या दारात वरचेवर जायचं ठरवलं.

सायलीचा थोरला, सुरज, तोडीवरच्या कोपीत, पाचटाच्या खोपटात वाढला. आईबाप दिवसभर उसाच्या फडात, पोराच्या हातात बिस्किटांचा नाहीतर चिप्सचा पुडा. चार वर्षांचा होईतो दात किडले, अंगावर मांस नाही. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सायलीला चांगलंच सुनावलं आणि ते तिच्या जिवाला लागलं. सुरजला तिनं शिकायला मामाकडे ठेवलं. आरोहीचं अंगावरचं दूध इतक्यात तोडू नको, असं मी सांगून दमले. पण तिला कोपीची धास्ती बसली होती. जाताना सासूला तिनं दोनच गोष्टी बजावल्या. पोरीला पुडा दाखवायचा नाही, आणि वर्षाची होईपर्यंत खिमटात मीठ-साखर घालायची नाही. ही दुसरी गोष्ट माझीच शिकवण.

आणि केसरबाईनं ऐकलं. तांदूळ-मुगाची डाळ धुऊन सावलीत वाळवायची, भाजायची, जात्यावर भरडायची आणि रोज ताजं खिमट शिजवायची. पाहुण्यानं पुडा आणलाच, तर त्याच्यादेखत शेळीपुढं ओतायची. पाहुणे चहा न घेताच उठायचे.

दुपारी फडातून सायलीचा व्हिडिओ कॉल यायचा. म्हातारी पहिला घास पोरीला द्यायची आणि दुसरा मोबाइलवरच्या सायलीच्या तोंडाला लावायची. "आता आईला." महिन्या-दोन महिन्यांत आरोही स्वतःच वाटीत बोटं बुडवून मोबाइलची काच बरबटायला लागली. पलीकडे सायली रिकामंच तोंड उघडायची. एकदा मला म्हणाली, "बाई, घास दिसतो, पण तोंडात येत न्हाई. लई जीव तुटतो."

फाल्गुन सरता सरता तोड संपली. सायली आली त्या दिवशी मी वजनकाटा घेऊन तिथंच होते. उन्हानं रापलेली, निम्मी झालेली. तिनं हात पुढे केले आणि आरोहीनं आजीच्या गळ्याला मिठी मारून टाहो फोडला. पुन्हा केले, पुन्हा तेच. मग सायलीनं गाठोड्यातून बिस्किटांचा पुडा काढला. त्याच सायलीनं.

केसरबाईनं तिच्या हातातला पुडा काढून कोनाड्यात ठेवला. पोरीला सायलीच्या मांडीवर बसवलं आणि खिमटाची वाटी हातात दिली. "हे चार तिला. रडू दे."

ओळखीचा वास आला तशी आरोही हुंदके देतच आ करून बसली. घास गिळला. सायलीच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग वाटीत बोटं बुडवली आणि रोज काचेला लावायची तशी तिच्या ओठांना लावली.

सायलीनं तोंड उघडलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा घास खरोखर आत गेला. तिला हुंदका आवरेना. "आत्या," ती सासूला कशीबशी म्हणाली, "मीठच न्हाई की ह्यात."

"वरीस भरायला अजून महिना हाय," केसरबाई म्हणाली.

आरोहीनं पुन्हा वाटीत बोटं बुडवली.