पहिल्या बोटाचं बटण

मोहाडीला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. एक खोली, चार मशीन आणि माझा तापट स्वभाव, एवढंच भांडवल. डावं-उजवं म्हटलं की माणसं आधी आपले हात न्याहाळतात, मग माउस. म्हणून मी एक युक्ती काढली होती. 'पहिल्या बोटाचं बटण दाबा', म्हणजे अंगठ्याशेजारच्या बोटाखालचं. या युक्तीचा मला भारी अभिमान होता.

गेल्या वर्षी जवळच्या गावातल्या एक बाई शिकायला आल्या. वय चाळिशीचं. दरवर्षी रोवणीला चिखलात वाकून धान लावायच्या, आता कंबर साथ देत नव्हती. गावाजवळच्या राइस मिलला गाड्यांची नोंद कॉम्प्युटरवर करणारं माणूस हवं होतं. सोमवारी काम करवून बघणार होते. बाईंना ती नोकरी हवीच होती.

आठवडा उरला आणि त्यांच्या मशीनवर ते सुरू झालं. कुठेही क्लिक केलं की मेनू उघडायचा. कॉपी, पेस्ट, डिलीट, नको ती सगळी यादी.

"सर, हे पाहा जी, पुन्हा आलं!"

मी माउस बदलला. कीबोर्डवरचं मेनूचं बटण अडकलं असेल म्हणून कीबोर्ड उलटा करून ठोकला, तर बिस्किटांचा चुरा निघाला. व्हायरसही शोधून झाला. गंमत अशी की मी शेजारी बसलो की मेनू बेपत्ता, उठलो की हजर. मी त्या मशीनला मनसोक्त शिव्या घातल्या. बाई बिचाऱ्या म्हणायच्या, "माह्या नशिबातच नसन."

शुक्रवारी चहा पिऊन जरा लवकर परतलो आणि दारातच थांबलो. माउस कीबोर्डच्या डावीकडे होता आणि बाईंचा डावा हात त्यावर होता. मला पाहताच त्यांनी माउस घाईघाईनं उजवीकडे घेतला.

डाव्या हाताचं पहिलं बोट येतं ते उजव्या बटणावर. बाई माझंच सांगणं तंतोतंत पाळत होत्या.

"काहून लपवलं तुम्ही?" मी जरा जोरातच विचारलं.

"सर, मी डेबरी आहो. लहानपणी डाव्या हातानं घास घेतला का माय उलथनं हाणे. सासरी पंगतीत वाढू देत नाही. तुमच्यापुढं कशी करू? पण उजव्यानं लवकर जमेना, दिवस कमी उरले, म्हणून तुम्ही उठले का डाव्यानं करत होती."

मला माझीच लाज वाटली. चार दिवस मी पडद्याकडे बघत होतो, त्यांच्या हाताकडे एकदाही बघितलं नव्हतं.

सेटिंगमध्ये जाऊन मी माउसच्या बटणांची अदलाबदल केली. बाईंनी डाव्या हातानं तीनदा क्लिक करून पाहिलं. मेनू आला नाही.

"म्हणजे हे बनवणाऱ्यायले माहीत होतं, डेबरे लोकं असतात म्हणून?"

"होतं तर. पहिल्यापासून सोय ठेवलीय."

मग ती सेटिंग मी त्यांच्याकडून दहा वेळा करून घेतली, कारण मिलमध्ये मी नसणार होतो. पण परक्या माणसांसमोर त्या डावा हात बाहेर काढतील का, याचीच मला धास्ती होती.

सोमवारी दुपारी फोन आला.

"लागली जी सर नोकरी! त्यायले म्हटलं, मी डेबरी आहो, आधी बटण बदलवते."

"मग?"

"मग काय, साऱ्यायसमोर डाव्यानं केलं. कागदावर सहीबी पहिल्यांदाच डाव्यानं केली. वाकडी आली, पण त्यायनं घेतली."