विमान उतरेपर्यंत

घनसावंगीच्या स्टँडवर आमच्या ड्रायव्हरची काळीपिवळी जीप सीट भरल्याशिवाय हलत नाही. तोवर तो बोनेटला टेकून मोबाइलवर एक वेबसाइट बघत असतो. आभाळातली सगळी विमानं तिच्यावर पिवळ्या मुंग्यांसारखी सरकत असतात. एखादं आमच्या डोक्यावर आलं, की समोरून येणाऱ्या ड्रायव्हरला करावा तसा तो वर हात करतो. "अजून किती येळ?" असं कुणी खेकसलं, तर म्हणतो, "हैदराबादचं बी लेट हाय, मामा."

परवा जीप भरली, तरी तो निघेना. मागच्या सीटवरच्या मावशीचा पोरगा पहिल्यांदाच दुबईला चालला होता आणि त्याचं विमान अजून समुद्रावर होतं.

"पुढं रेंज न्हाई," तो म्हणाला. "उतरू द्या त्याला, मंग निघू."

सगळ्यात जास्त बोंबललो मी. जालन्यात माझी मीटिंग होती. पण मोबाइल हातोहात फिरत माझ्याकडं आला आणि मीही त्या मुंगीकडं बघत बसलो.

"उतरलं!" मीच ओरडलो. मावशीनं जीपच्या टपाकडं बघून हात जोडले. त्यानं किल्ली फिरवली.

"थांबा हो," मी म्हणालो, "पोराची बॅग तर येऊ द्या."