सगळ्यांना एकच वास

डुकरांचं काही सांगायला लागलं की लोक नाकाला रुमाल लावतात आणि वर म्हणतात, "आणखी एक सांगा की मामा!" मग रुमाल कशाला रे, डुकरं काय माझ्या खिशात आहेत?

एकोणीसशे सत्तरच्या पुढची वर्षं. होटगीकडं विलायती डुकरांचा सरकारी फार्म होता. मी तिथं पहारेकरी. यल्लप्पा डुकरं सांभाळायचा, पण रोजंदारीवर. फार्मच्या डाक्टरसाहेबांनी त्याला बजावलेलं, "वर्षभर एकही डुक्कर मारामारीत मेलं नाही, तर तुला कायम करायची शिफारस करतो." म्हणजे भांडणं डुकरांची आणि नोकरी यल्लप्पाची!

एकदा कुर्डुवाडीकडून नवी डुकरं आली. जुन्यांत सोडली आणि जुंपली! कान फाटले, फेस आला. डाक्टर म्हणाले, "दोन दिवसांत ठरेल कोण पाटील ते."

"आन् तवर एकादं मेलं तर?" यल्लप्पानं बादलीभर पाण्यात फिनेल घातलं आणि नव्याजुन्या सगळ्यांवर ओतलं. सगळ्यांना एकच वास! आपला कोण, परका कोण, कुणाला कळेना. व्याही भेटल्यागत एकमेकांना हुंगत बसली.

*

उन्हाळ्यात त्यांना नुसतं बसून कंटाळा येई. मग काय, एकमेकांच्या शेपट्या चावायच्या! डाक्टर म्हणाले, "यांना काहीतरी काम द्या." यल्लप्पानं सायकलचा जुना टायर टांगला. शेपट्या वाचल्या.

पुढल्या आठवड्यात डाक्टरांनी आपली सायकल कुंपणाला टेकवली. परत येऊन बघतात तर चाकांवर रबर नाही!

यल्लप्पा म्हणाला, "साहेब, आज लई काम केलं बगा!"

*

कळपातला दांडगा नर, त्याला आम्ही पाटीलच म्हणायचो. आजारी पडला म्हणून आठ दिवस वेगळा ठेवला. परत आत सोडला तर त्याच्याच माणसांनी बदडला! चार दिवस रजा घेऊन हापिसात जा, असंच होतं.

पाटील कोपऱ्यात थरथरत उभा. यल्लप्पा जवळ बसून कानडीत समजूत घालायला लागला, "सुम्निरप्पा, सुम्निरु." उगी राहा म्हणत होता. दिवस मावळला तरी यल्लप्पा जागचा हलेना. मी ओरडलो, "अरे, घरी जा की!"

"पाय झोपलाय मामा. आन् त्याच्यावर पाटील बी झोपलाय!"

*

वर्ष भरत आलं. एकही डुक्कर मेलं नव्हतं. तेवढ्यात पुण्याचे मोठे साहेब तपासणीला आले. आत शिरल्या शिरल्या डाक्टरांवर गरजले, "एवढ्याशा जागेत एवढी डुकरं? अक्कल आहे का?"

"जागा तुम्हीच मंजूर केली, साहेब!"

"आवाज खाली!"

"आधी तुमचा!"

दोघांचे आवाज चढले तशी डुकरं उठली. पाटील दात वाजवायला लागला. एकानं दुसऱ्याला ढुशी दिली. आता एक जरी मेलं तर यल्लप्पाचं वर्ष पाण्यात!

गडी धावला, फिनेलची बादली उचलली आणि दोन्ही साहेबांवर ओतली!

पाटील पुढं आला, मोठ्या साहेबांना हुंगलं, डाक्टरांना हुंगलं आणि जाऊन आडवा झाला. मागोमाग बाकीची.

मोठ्या साहेबांनी चष्मा पुसला. आपली बाही हुंगली. मग वाकून डाक्टरांचा खांदा हुंगला.

"डाक्टर, चहा घ्यायचा का?"

"चला की साहेब."

फाटकाशी मोठे साहेब थांबले. "हा माणूस कायम आहे?"

"नाही साहेब, रोजंदारीवर."

"कायम करा. आणि ती बादली माझ्या गाडीत ठेवा. पुण्याच्या हापिसात लागेल."