बिस्त्रोतली अर्धी प्लेट

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी दुबईच्या जबल अली बंदरावर एका शिपिंग कंपनीत होतो आणि शारजात एकटाच राहत होतो. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो. आई गेली त्या वर्षी अण्णांना व्हिजिट व्हिसावर बोलावलं. त्यांनी आता माझ्याकडेच राहावं, एवढंच मनात होतं. ते विचारायचं म्हणून एका शुक्रवारी दुपारी दुबईतल्या फ्रेंच बिस्त्रोत घेऊन गेलो. साहेब लोक तिथे क्लायंटला नेत. मी बापाला नेलं.

चौकड्यांचं टेबलक्लॉथ, फळ्यावर खडूने लिहिलेला मेन्यू. वेटर वसईचा निघाला.

"काका, सुरुवात कांद्याच्या सूपने करा. सोबत आमचा पाव."

अण्णांनी पाव दाताखाली धरला. "हा खायचा, का याने खिळे ठोकायचे?"

वेटर खो खो हसला. कित्येक महिन्यांनी अण्णा थट्टा करत होते. म्हटलं, जमलं आपलं.

मग भाजलेली कोंबडी आली. अण्णा चवीने जेवले आणि अर्ध्यावर थांबले. तंगडी तशीच ठेवली, बटाटे एका कडेला सारले, सुरी-काटा शेजारी शेजारी ठेवला. तिथल्या रीतीने त्याचा अर्थ जेवण संपलं. वेटरने प्लेट उचलायला हात घातला, तर अण्णांनी ती दाबून धरली.

"असू दे. ती बसायचीय अजून."

वेटरने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मागे सरला.

आई जन्मभर अण्णांच्या मागून, त्यांच्याच ताटात जेवली. चांगला तुकडा ते तिला ठेवायचे.

"अण्णा, आई तर..."

"ठाऊक आहे मला. खुळा नाही झालो. गावी रोज ठेवतो. नंतर बघावं तर कमी झालेलं असतं. मांजर खात असेल, असेना."

"आणि इथे?"

"इथे जसंच्या तसं. घासही हलत नाही."

शारजात त्यांचं अर्धं ताट रोज ओट्यावर दिसायचं. मला वाटायचं, भूक मेलीय.

"तिला इथली वाट माहीत नाही रे," अण्णा म्हणाले. "तिकडे उपाशी बसली असेल."

आजूबाजूची टेबलं रिकामी झाली. प्लेटमधली चरबी गोठून पांढरी पडली. मीही तिच्याकडे टक लावून बसलो होतो, एक घास तरी कमी होईल म्हणून. नाही झाला.

"कधीचं तिकीट काढू?" मी विचारलं.