अळिवाचा अर्धा लाडू

अंगणातल्या दोरीवर वाळणारी पांढरी लंगोटं… बालपण म्हटलं की आधी तीच डोळ्यांपुढे येतात. दिवाळीनंतरचं कोवळं ऊन, मागच्या खोलीत आढ्याला टेकलेला कापूस, त्याचा उबट वास, आणि दोरीखाली मान वर करून लंगोटं मोजणारी माझी मोठी आत्या – अक्का. मी तेव्हा सहा वर्षांची होते. धाकटा भाऊ नुकताच जन्मला होता आणि त्याला आईचं दूध पुरत नव्हतं.

त्यासाठीच अक्का पिंपळनेरहून आमच्याकडे चोपड्याला आली होती. इतर बायका सुचेल ते बाळंतिणीला चारत. अक्काची रीत न्यारी. "बठ्ठं एकदम दिधं, ते गुण कशाना उना हाई कसं समजी?" असं म्हणत, गुण नेमका कशाचा आला ते कळावं म्हणून, ती एकेक औषध पाच-पाच दिवस देई. बाळ जितकं पिईल तितकी लंगोटं भिजतील, हे तिचं शास्त्र. रोज संध्याकाळी तितक्या चुन्याच्या रेघा ती दाराच्या चौकटीवर ओढी. मेथीनं आईच्या घामालासुद्धा मेथीचा वास आला, रेघा मात्र जागच्या जागी. सातपुड्यातून बाजाराला येणाऱ्या बाईकडची शतावरी दुधात उकळून झाली. एक रेघ वाढली, पुन्हा गळाली. मग अळीव आले.

गूळ-खोबऱ्यात शिजणाऱ्या त्या अळिवांचा वास मला अजून हाका मारतो! पण खरं सांगू? मला लाडवापेक्षा आई हवी होती. तिची कूस बाळानं बळकावली होती, आणि "बाळजोडे जाऊ नको" म्हणून अक्का मला दारातूनच परतवी. दुपारी ती नदीवर गेली की मी हळूच आत शिरे. आई लाडू मोडी, अर्धा माझ्या हातावर ठेवी – कधी अख्खाच. तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी तो खाई. "अक्काले सांगू नको बरं," एवढंच ती म्हणे.

पाचव्या संध्याकाळी अक्कानं चौकटीवरच्या रेघा मोजल्या. "अळीवना गुण उना नही," ती म्हणाली. आईनं मान खाली घातली. मला सगळं ठाऊक होतं. पण बोलले असते तर ती दुपार गेली असती, ती मांडी गेली असती. मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी दारात शेळी आली, आणि भाऊ तिच्या दुधावर वाढला. बाळ शेळीचं दूध पिऊ लागलं की आई भिंतीकडे तोंड करून बसे.

अळिवांनी दूध आलंच असतं की नाही, कोण जाणे. भाऊ आज धडधाकट आहे. आई मात्र नाही. तिची क्षमा मागायची राहूनच गेली…

यंदा माझी लेक दुसऱ्या बाळंतपणाला जळगावला माझ्याकडे आली आहे. डॉक्टरीणबाईंना विचारूनच तिला सारं देते. "आई, एका वेळी एकच दे, म्हणजे कळेल," असं तीही म्हणते, आणि बाळाची ओली लंगोटं मोबाइलवर नोंदवते. काल दुपारी दारातून पाहिलं – पाच वर्षांची नात तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, आणि लेक अळिवाचा लाडू मोडत होती.

मी पाऊल मागे घेतलं. आज सकाळपासून लेकीच्या वाटीत दोन लाडू ठेवते आहे. माझ्या आईच्या वाटीत दुसरा लाडू कुणी ठेवलाच नव्हता.